सुमनताईंचा पुढचा दात

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, दवाखान्यात इतकी वर्षं माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मीराबाईंना नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या मित्रांनाही नाही, आणि ते तर असल्या गोष्टी एकमेकांना हसत हसत सांगतात. कुणाच्या दाताची कॅप जेवणात गिळली गेली, कुणाची कवळी ऐन लग्नात निसटली. मीही हसतो. माझी पाळी आली की दुसरंच काहीतरी सांगतो.

तसं माझं बरं चाललंय. उमापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा मी, औरंगाबादला दातांचं शिकलो आणि शिरूर कासारला दवाखाना टाकला. लोक म्हणाले, हा दोन वर्षांत पळून जाईल. गेलो नाही. आज सकाळी शटर वर करतो तेव्हा बाकावर माणसं बसलेली असतात. चहा येतो, रेडिओ चालू असतो, मीराबाई कालच्या भाजीचं काय बिनसलं ते सांगत असतात. रात्री झोप लागते. हेही सांगायला हवं ना? ही गोष्ट पोटात ठेवून मला झोप लागते. नीट लागते.

माझा हात चांगला आहे असं या भागात म्हणतात. बसवलेला दात निघत नाही म्हणतात. ते ऐकलं की मला सुमनताई आठवतात, आणि मी विषय बदलतो.

आधी थोडं कामाचं सांगतो, नाहीतर माझी चूक तुम्हाला नीट कळणार नाही. पुढचा एखादा दात पडला असेल तर शेजारच्या दातांना फार न कोरता नवा दात बसवता येतो. नव्या दाताला मागच्या बाजूनं धातूचे दोन पातळ पंख असतात. ते पंख शेजारच्या दोन दातांच्या पाठीला चिकटवायचे. खिळा नाही, तार नाही, सगळा भार त्या चिकटवायच्या मसाल्यावर. आता हा मसाला कंपनीचा, चांगल्यातला. पण तो धरतो कशाला? दाताच्या पाठीवर आम्ही आम्लाचा लेप लावतो, पाण्यानं धुतो, हवेच्या फवाऱ्यानं कोरडं करतो. मग तिथलं कवच खडूसारखं पांढरं दिसायला लागतं. डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं पडलेली असतात, मसाला त्यांत शिरतो आणि तिथं घट्ट होतो. त्या छिद्रांवर लाळेचा थेंब आला, हवेतून तेलाचा नुसता वास जरी आला — झालं. वरून सगळं छान दिसतं. दात बसलेला दिसतो. पेशंट आरशात बघून खूश होतो. आणि आत काहीच धरलेलं नसतं.

हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. टँकरचं पाणी आठवड्यातून दोनदा यायचं. आल्यावर भरून ठेवायला मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोठे ड्रम आणून ठेवले, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून हवेचा कॉम्प्रेसर बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. उन्हात, धुळीत. तो तापायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायला लागायचा. बीडचे एक मेकॅनिक होते, रफिकभाई. दुसऱ्या कामाला आले होते, जाता जाता त्यांनी फवाऱ्याची हवा तळहातावर घेतली, बोटं चोळून बघितली.

"साब, हवेत तेल यायलंय. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. औरंगाबादहून मागवावा लागंल, म्या आणून देतो."

"बघू पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो.

पुढचा आठवडा गेला. त्याच्या पुढचा गेला. फिल्टर बदलायला दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवावा लागला असता, एवढंच. दुसरं काहीही अडलं नव्हतं.

आणि याच दिवसांत सुमनताई आल्या.

शिरूरपासून पाच-सहा मैलांवरच्या एका गावात बायकांची दूध संस्था होती, तिच्या त्या सचिव. पंचेचाळिशीच्या, सावळ्या, उंच. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. सुमनताईही पहिली दहा वर्षं गेल्या होत्या. मग एक म्हैस आली, मग दोन, मग संस्था उभी राहिली. संस्थेमुळं त्यांच्यासारख्या पंधरा-वीस बायकांचं कोयता घेऊन घराबाहेर पडणं थांबलं होतं. चेहऱ्यावर पदर धरूनच त्या खुर्चीत बसल्या. धार काढताना म्हशीनं मान झटकली होती, शिंग तोंडावर बसलं होतं, वरचा पुढचा एक दात गेला होता.

"दिसायचं काय न्हाई हो," त्या म्हणाल्या, "पर सभा हाय. लोकांपुढं बोलायचंय. तोंडाला पदर लावून बोललं तर कोण ऐकंल?"

सभेचं प्रकरण त्यांनी दात तपासता तपासता सांगितलं, तोंडात आरसा असताना. जनावरं चारा छावणीत गेली होती, दूध निम्म्याच्या खाली आलं होतं. गावात मोठ्या लोकांची दुसरी संस्था होती. ते म्हणत होते, बायकांची संस्था आता बंद करा आणि आमच्यात मिळवून टाका. वार्षिक सभेत त्यावर हात वर होणार होते. आणि त्याच सभेत नवी चेअरमन निवडायची होती — बायकांनी सुमनताईंचं नाव धरलं होतं. आधीच्या चेअरमन म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांना ऐकू येत नव्हतं.

मी माप घेतलं. लॅबमधून दात आला, छान आला, रंगसुद्धा जुळला. सभेच्या दोन दिवस आधी मी त्यांना बोलावलं.

त्या दिवशी अकराला लाईट जाणार होती. मसाला घट्ट करायला निळ्या उजेडाचा दिवा लागतो, म्हणजे अकराच्या आत काम संपवायला हवं होतं. मी लेप लावला, धुतला, फवाऱ्यानं कोरडं केलं. आणि बघितलं. एका बाजूचा दात खडूसारखा पांढरा झाला होता. दुसऱ्या बाजूचा... नाही झाला. त्यावर हलकी चकाकी होती. तेलाचं बोट लागलेल्या काचेवर असते ना, तशी.

मी ती बघितली. हेच तर सांगायचंय. ती माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी आरसा जरा तिरका करून दुसऱ्यांदा बघितली. पुन्हा धुऊन पुन्हा लेप लावायला किती वेळ लागला असता? पाच-सात मिनिटं. कॉम्प्रेसरची हवा नको तर रबरी फुगा होता ड्रॉवरमध्ये. घड्याळात अकराला वीस मिनिटं होती. बाहेर अजून दोघं बसले होते. मी मनात म्हणालो, चालतंय. आणि मसाला लावला.

मीराबाईंनी हातात आरसा दिला. सुमनताईंनी आधी ओठ मिटूनच बघितलं, मग हळूच उघडले. मग आरसा खाली ठेवून खिडकीकडं तोंड करून बसल्या. त्यांना रडू आलं होतं, ते दिसू द्यायचं नव्हतं. जाताना म्हणाल्या, "सभेला या डॉक्टरसाहेब. तुमी पुढं बसलात तर मला धीर यील."

मी गेलो. पहिल्या रांगेत बसलो. गळ्यात हार घातला कुणीतरी.

शाळेच्या अंगणात मंडप होता. दुष्काळाची दुपार, मंडपाचं कापड फडफडत होतं, धूळ येत होती. बायका सगळ्या एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला आणि मागं उभे. सुमनताई बोलायला उठल्या. तोंडावर पदर नव्हता. मला वाटतं, त्यांच्या गावानं त्यांचा उघडा चेहरा बऱ्याच दिवसांनी बघितला असेल. आवाज सुरुवातीला कापरा होता, मग स्थिर झाला. छावणीत कुणाची किती जनावरं हायत, पाऊस पडला की दूध परत कसं वाढंल, एका एका घराचं नाव घेऊन सांगत होत्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, दुसऱ्या संस्थेचे, सगळे त्यांना नाना म्हणायचे, ते पाय हलवत बसले होते, त्यांचा पाय हलायचा थांबला.

आणि मग बोलता बोलता त्या थबकल्या. हात तोंडाकडं गेला. पण उशीर झाला होता. दात पुढच्या टेबलावर पडला. संस्थेच्या रजिस्टरवर. टक्, असा आवाज आला. पहिल्या रांगेत तो ऐकू येण्याइतका आला.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. नाना म्हणाले, मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं, "आवो, आधी दात धरून ठिवा, मंग संस्था धरा!"

सुमनताईंनी तो दात उचलला. पदराच्या टोकात बांधला. गाठ मारायला त्यांना वेळ लागला, सगळा मंडप बघत होता. मग त्या म्हणाल्या, "दात पडलाय. तोंड हाय अजून."

बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या, आणि मग पुरुषांच्याही. त्या पुढं बोलल्या, पूर्ण बोलल्या — पण तोंडावर पदर धरून. हात वर झाले, संस्था राहिली. ती आजही आहे. मी टाळ्या वाजवत होतो. मनात काय चाललं होतं? तर एवढंच, की त्यांनी माझ्याकडं बघू नये.

चेअरमनचं नाव पुकारायची वेळ आली तेव्हा त्या खाली बसूनच म्हणाल्या, "माजं नाव नगा घिऊ." बायकांनी आग्रह केला. त्या मान हलवत राहिल्या. कांताबाई नावाच्या दुसऱ्या बाई चेअरमन झाल्या.

मी तिथून थेट दवाखान्यात आलो. हार अजून गळ्यात होता. फवारा घेतला, स्वच्छ आरशावर हवा सोडली, आणि उजेडात धरला. बारीक बारीक थेंब. बोटानं पुसले तर पसरले. तेल. म्हणजे आता शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते अंदाजानं नाही केलं, माहीत असून केलं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. पदराची गाठ सोडून दात माझ्या हातात दिला. बाहेर बाकावर चार-पाच माणसं होती, मधलं दार उघडं होतं. चिडलेल्या नव्हत्या. मला वाटतं, चिडल्या असत्या तर कदाचित मी खरं बोललो असतो. का कोण जाणे. नसतोही बोललो.

"डॉक्टरसाहेब, कावून निघाला असंल? माजंच काय चुकलं का?"

बघा, त्यांनी स्वतःच मला वाट करून दिली. माझ्या हातात तो दात होता. एका पंखावर मसाला तसाच, गुळगुळीत, साच्यातून काढावा तसा. त्या बाजूनं त्यानं दाताला धरलंच नव्हतं; सगळा भार दुसऱ्या पंखावर आला आणि तोही सुटला. कुणीही दंतवैद्य तो पंख बघून सांगेल, चूक कुणाची. मी तो मुठीत घेतला आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

त्या खरंच आठवायला लागल्या. "भाकर... वरण... अन हां, सभेच्या सकाळी चार शेंगा खाल्त्या. भाजल्याल्या."

"मग तेच," मी म्हणालो. "शेंगा चालत नाहीत याला. कडक काहीच चालत नाही."

चार शेंगा! तो नीट बसवला असता तर चार शेंगांनी काय झालं असतं त्याला? काही नाही.

त्यांनी पदराचं मोकळं टोक सारखं केलं. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं असंल. माज्याच ध्येनात ऱ्हायलं न्हाई."

मी सांगितलं नव्हतं. मी कधीच काही सांगितलं नव्हतं. पण मी तेही म्हणालो नाही. हात धुवायला वळलो.

आणि जाताना त्या बाहेरच्या बाकाजवळ थांबल्या. कुणीतरी विचारलं असावं, सभेतला प्रकार तोवर सगळीकडं गेला होता. मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "डॉक्टराचा काय बी दोष न्हाई बरं. लई चांगला मानूस हाय. म्याच शेंगा खाल्ल्या."

त्याच दिवशी मी रफिकभाईंना फोन केला. फिल्टर बदलला, टाकी रिकामी केली, कॉम्प्रेसर आत घेतला आणि ड्रम बाहेर काढले. जुना मसाला खरवडून घ्यायला दात लॅबला पाठवला. आठ दिवसांनी सुमनताईंना तो पुन्हा बसवला. या वेळी दुसरा एकही पेशंट बोलावला नाही. दाताभोवती कापूस, रबरी फुग्याची हवा, लेप दोनदा. दोन्ही बाजू खडूसारख्या पांढऱ्या होईपर्यंत थांबलो. इतकं मन लावून मी त्याआधी काम केलं नव्हतं. तो दात अजून आहे. हलला नाही, सैल झाला नाही.

पण तो का टिकला याचं कारण त्यांच्या दृष्टीनं वेगळं आहे. त्यांनी शेंगा सोडल्या म्हणून टिकला. शेंगाच नाही, त्यांनी एकेक करत सगळंच सोडलं. कडक भाकर सोडली. भाकर दुधात किंवा आमटीत कुस्करून खायच्या. फुटाणे, कणीस, चिवडा, कच्चा पेरू. ज्या गोष्टीची खात्री नाही ती खायचीच नाही असं त्यांनी ठरवलं. आणि बोलताना पदर तोंडावर आला तो आलाच. दात होता, बरोबर बसलेला होता, तरी बोलताना हात वर जायचा. कधी निघंल काय सांगावं, म्हणायच्या. पुढं पाच वर्षांनी कांताबाई थकल्या तेव्हा सुमनताई चेअरमन झाल्या. चांगलं काम केलं. पण ती पाच वर्षं गेली ती गेली. आणि चेअरमन झाल्यावरही मोठ्या सभेत दुसऱ्या कुणालातरी बोलायला उभं करायच्या.

दुष्काळानंतर दोन वर्षांनी पाऊस चांगला झाला. त्या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला सहकुटुंब हुरड्याला बोलावलं. शेतात, सकाळच्या उन्हात. शेणाच्या गोवऱ्यांवर ज्वारीची कणसं भाजली जात होती. त्या तळहातावर चोळून, फुंकून, गरम दाणे सगळ्यांच्या हातावर घालत होत्या. माझी बायको म्हणाली, "ताई, तुम्हीपण घ्या की."

"मला चालत न्हाई," त्या हसून म्हणाल्या. "आमच्या डॉक्टरांचा हुकूम हाय."

सगळे हसले. मीही हसलो. हुरडा तर मऊ असतो हो! लोण्यासारखा मऊ. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. माझ्या हातावर त्यांनी आणखी एक मूठ घातली आणि मी ती खाल्ली. लसणाची चटणी होती बरोबर. मला त्या हुरड्याची चव आजही आठवते, आणि ती वाईट आठवत नाही. तो दिवस छान होता. असं कसं होऊ शकतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मला भीती कशाची होती? दवाखाना बंद पडेल याची? नाही. माणसं विसरली असती. सुमनताई तर सगळ्यांच्या आधी विसरल्या असत्या, एक शिवी हासडून मोकळ्या झाल्या असत्या. मला फक्त त्यांच्या तोंडून "लई चांगला मानूस" हे ऐकायची सवय लागली होती. ते शब्द मला सोडायचे नव्हते. त्यापलीकडं मी खूप शोधलं, दुसरं काही सापडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या तपासायला आल्या. आता केस पांढरे झालेत. मी दात हलवून बघितला, मागून आरसा लावून बघितला. जसाच्या तसा. मी म्हणालो, एकदम घट्ट आहे. त्या खुर्चीत तशाच पडून राहिल्या, मग जरा लाजून म्हणाल्या, "एक इचारू का? आता वय झालं. एकदा शेंगा खावं वाटतंय. न्हाई म्हणलात तर न्हाई खात."

मीराबाई बाहेर होत्या. मधलं दार बंद होतं. बाकावर कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळते?

मी म्हणालो, "खा की. इतक्या वर्षांत आतला मसाला मुरून पक्का झालाय. आता काही होत नाही त्याला."

मसाला मुरत नाही. तो पहिल्या दिवशी जेवढा पक्का होतो तेवढाच. त्या पहिल्या दिवसापासून शेंगा खाऊ शकत होत्या.

"खरंच?" त्या उठून बसल्या. "मंग कणीस बी?"

"कणीस पण. सगळं खा."

चार दिवसांनी त्या पिशवी घेऊन आल्या. घरच्या शेंगा, वाळूत भाजलेल्या. पेशंटच्या बाकावर बसल्या, मला आणि मीराबाईंना शेजारी बसवलं आणि पिशवी मध्ये ठेवली. पुढच्या दातांनीच एकेक शेंग फोडत होत्या, टरफलं पदरात जमवत होत्या आणि बोलत होत्या. संस्थेच्या नव्या शीतगृहाचं, सुनेचं, यंदाच्या पावसाचं. एकदाही हात तोंडाकडं गेला नाही. मधेच थांबून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी इतकी काळजी घेतली म्हणून टिकला डॉक्टरसाहेब. दुसऱ्या कुणी घेतली नसती."

शेंगा खरपूस होत्या. मी दोन मुठी खाल्ल्या.